उलटा गणपती, उलटं विमान: अमेरिकेच्या टपाल खात्याला खुले पत्र

प्रति,
पोस्टमास्टर जनरल आणि टपाल तिकीट विभाग,
युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस, वॉशिंग्टन डी. सी.

महोदय,

मी मूळचा सांगलीचा. गेली एकोणतीस वर्षं न्यू जर्सीत राहतो, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकन तिकिटं जमवतो. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला टपालानेच पाठवली आहे. मराठीत ते सर्वांसमोर ठेवतोय, कारण आपल्या देशाची तिकिटं जिवापाड जपणारी मराठी माणसं न्यू जर्सीतल्या एडिसनपासून इचलकरंजीपर्यंत आहेत आणि त्यांच्या मनातलंच मी लिहितोय याची मला खात्री आहे.

मागणी आधी सांगतो, कारणं मागून. आपल्या खात्याने छपाईच्या चुका मुद्दाम तयार करू नयेत, आणि खरी चूक निसटलीच तर तिच्या लाखो नकला छापून तिला बुडवू नये. एवढं लेखी द्या.

हे आत्ताच का, तर काही दिवसांपूर्वी इथल्या मुलांच्या मराठी शाळेत तिकिटं दाखवायला गेलो होतो. सोबत माझा सर्वांत लाडका ठोकळा नेला होता: एकमेकांना जोडलेल्या नऊ तिकिटांचा, तीन बाय तीन. सगळीकडे जॉर्ज वॉशिंग्टनचा तोच चेहरा, तोच लाल रंग. आठ तिकिटं दोन सेंटची आणि मधोमध एक पाच सेंटचं. मुलांच्या हातात भिंग दिलं आणि फरक शोधायला सांगितलं. दोन मिनिटं वर्गात शांतता होती. मग एकीला खालच्या कोपऱ्यातला '५' दिसला आणि ती बाकावरून उठून उभीच राहिली. त्यानंतर मी १९१८ च्या तिकिटावर चुकून उलट्या छापल्या गेलेल्या विमानाची गोष्ट सांगितली, आणि कुणीतरी विचारलं म्हणून २०१३ साली खात्याने बंद पाकिटांत मुद्दाम मिसळलेल्या सरळ विमानाचीही. पुढचा प्रश्न आला: "काका, ते मिळायला किती पाकिटं घ्यावी लागतील?" मग सगळ्या वर्गाला तेवढंच विचारायचं होतं. भिंग टेबलावर पडून राहिलं. त्या रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

माझा या गोष्टीशी संबंध काय, तेही सांगायला हवं. माझ्या वडिलांचा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांचे कप्पे, शाईचे डबे, बस. लग्नसराईत पत्रिकांवर वर्षाचा खर्च निघायचा. दोन रंगांची पत्रिका म्हणजे कागद दोनदा मशीनमधून जाणार: आधी लाल गणपती, तो वाळला की हिरव्या शाईत मजकूर. एका वर्षी दुसरा रंग मारताना वाळलेला गठ्ठा फिरवून ठेवला गेला. वडिलांच्या लक्षात येईपर्यंत चौसष्ट पत्रिका निघाल्या होत्या. 'श्री गणेश प्रसन्न' वर आणि गणपती सगळ्यात खाली, निमंत्रकांच्या नावाखाली, डोकं खाली पाय वर. वडील घामाघूम झाले. रात्रभर मशीन चालवून त्यांनी तेवढ्या पत्रिका नव्याने छापल्या, कागद पदरचा घातला आणि सकाळी गिऱ्हाइकाला झाला प्रकार स्वतःहून सांगितला. चुकलेल्या पत्रिका त्यांनी मोजल्या. गणपती होता म्हणून फाडल्या नाहीत, जाळल्या नाहीत. कृष्णेच्या घाटावर नेऊन सोडल्या. मोजून त्रेसष्ट. एक कमी भरली म्हणून घरी येऊन पुन्हा शोधाशोध केली.

ती एक माझ्याकडे होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि भूगोलाच्या पुस्तकात लपवली होती. आज ती माझ्या अल्बममध्ये त्या लाल पाच सेंटच्या समोरच्या पानावर आहे.

म्हणून सांगतो, छपाईतल्या चुकीला मोल कशामुळे येतं ते मी पाहिलंय. ती होऊ नये म्हणून कुणीतरी जिवाचं रान केलेलं असतं. झाल्यावर ती मोजून नष्ट केलेली असते. आणि एवढं करूनही एखादी निसटते. यातली पहिली दोन कामं छापणाऱ्याची. ती त्याने केलीच नाहीत, तर तिसऱ्याला काही अर्थ उरत नाही.

आपल्या खात्याला हे एके काळी पक्कं ठाऊक होतं. १९१८ च्या मे महिन्यात विमानटपालाचं २४ सेंटचं तिकीट घाईघाईत निघालं. लाल चौकट एका खेपेत, निळं कर्टिस जेनी विमान दुसऱ्या खेपेत, आमच्या पत्रिकेसारखंच. कागद फिरवून घातला की विमान उलटं. ब्युरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग या सरकारी छापखान्यातच काही उलटी शीट्स तपासनिसांच्या नजरेला पडली आणि नष्ट झाली, असं मानलं जातं. शंभर तिकिटांचं एकच शीट निसटलं. १४ मे रोजी वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अव्हेन्यूवरच्या पोस्टात विल्यम रोबी या तरुणाने ते २४ डॉलर मोजून घेतलं. त्याला दोन रंगांच्या छपाईची जाण होती. असं काही होऊ शकतं, लक्ष ठेव, असं त्याने चार दिवस आधीच फिलाडेल्फियातल्या एका संग्राहकाला पत्राने कळवलं होतं. मला यातलं सर्वांत आवडतं ते पुढचं. चूक उघडकीला आल्यावर ब्युरोने छपाईच्या पट्टीवर, म्हणजे धातूच्या प्लेटवर, 'टॉप' हा शब्द कोरला, म्हणजे कागद धरणाऱ्याला वरची बाजू कळावी. नंतरच्या काही शीट्सच्या कडेला तो शब्द आजही दिसतो. पाहिला की मला वडील आठवतात. त्यांनीही त्या रात्रीनंतर प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढायला सुरुवात केली होती.

रोबीने ते शीट फिलाडेल्फियाचा तिकीट-विक्रेता युजीन क्लाइनला १५,००० डॉलरना विकलं आणि क्लाइनने कर्नल ग्रीन या श्रीमंत संग्राहकाला २०,००० ना. ग्रीनने ते सुटं केलं. त्या शंभरातलं ४९ व्या जागेवरचं एक तिकीट २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वीस लाख डॉलरच्या वर गेलं. या आकड्याने डोळे फिरतात हे खरं, आणि आपल्या खात्याचेही फिरले असावेत असं मला वाटतं. पण त्या किमतीच्या तळाशी तो 'टॉप' शब्द आहे, हे विसरून चालणार नाही.

माझं लाल पाच सेंटचं तिकीट तर श्रीमंतांचंही नाही. चारशे तिकिटांची छपाईची पट्टी, क्रमांक ७९४२, दोन सेंटची. १९१७ साली तिच्यातल्या तीन जागा नीट उमटत नव्हत्या, म्हणून तिथला ठसा पुसून, तिकिटाचं चित्र कोरलेल्या पोलादी रुळाने पुन्हा दाबायचा होता. कारागिराने हाती घेतलेला रूळ पाच सेंटचा निघाला. चेहरा तोच, चौकट तीच, आकडा तेवढा वेगळा. पाच सेंटचं तिकीट निळं असायचं. ही तीन जागांवरची तिकिटं दोन सेंटच्या लाल शाईत छापून देशभर गेली. माझ्यासारख्या पगारदार माणसाला हा ठोकळा परवडतो. त्या कारागिराने दुपारी उन्हं उतरताना रूळ उचलला असेल, दोन्ही रूळ शेजारी ठेवले असतील, असं काहीबाही मनात येत राहतं. माझा सगळा छंद या अशा विचारांवर उभा आहे. कुणी ठरवून छापलेल्या तिकिटाकडे पाहून असं काही मनात येत नाही.

आता तक्रारी.

सर्वांत जुनी १९०१ ची. बफेलोच्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनासाठी काढलेल्या मालिकेत एक सेंटची बोट आणि दोन सेंटची आगगाडी खरोखरच उलटी छापली गेली आणि पोस्टाच्या खिडकीवर विकली गेली. चार सेंटची विजेवर चालणारी मोटारही उलटी सापडते. ती मात्र खिडकीवर कधी आलीच नाही. ती छापली गेली खात्याच्याच सांगण्यावरून, आणि तिसरे सहायक पोस्टमास्टर जनरल एडविन मॅडन यांच्या हातून ओळखीपाळखीच्या लोकांकडे गेली. त्याला सव्वाशे वर्षं होत आली, सोडून देऊ.

दुसरी १९६२ ची आहे आणि ती सोडून देता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ चार सेंटचं तिकीट निघालं. काही शीट्सवर पिवळा रंग उलटा बसला होता. न्यू जर्सीतल्याच लेनर्ड शर्मन नावाच्या जवाहिऱ्याला असं पन्नास तिकिटांचं शीट मिळालं. त्याने ते रोख पैसे देऊन पोस्टातून घेतलं होतं. लबाडी नाही, चोरी नाही. पोस्टमास्टर जनरल जे. एडवर्ड डे यांनी काय केलं, तर तीच चूक मुद्दाम पुन्हा छापायला सांगितली. चार कोटींहून अधिक तिकिटं! एका माणसाला नशिबाने मिळालेलं त्याच्या हातात राहू नये म्हणून सरकारी छापखान्याने चार कोटी वेळा जाणूनबुजून चुकीचं छापलं. शर्मन कोर्टात गेला, पण तोवर तिकिटं विक्रीला आली होती. आज तसं सुटं तिकीट हातात आलं, तर पहिल्या छपाईतलं की नंतरचं हे साध्या संग्राहकाला सांगता येत नाही. त्या माणसाचं मन मोठं. पुढे त्याने आपलं ते शीट अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीला देऊन टाकलं.

या निर्णयाच्या बाजूने काही लोक बोलतात, अगदी माझे मित्रही. सरकारने एखाद्याला लॉटरी का लागू द्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी १९९४ दाखवतो. 'लेजंड्स ऑफ द वेस्ट' या वीस तिकिटांच्या शीटवर बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयच्या नावाखाली त्याच्या भावाचं, बेनचं चित्र गेलं. ही चूक छपाईची नव्हती, चित्रासाठी निवडलेल्या फोटोची होती. खात्याने शीट्स परत मागवली, चित्र सुधारून पुन्हा छापलं. इथपर्यंत उत्तम. पण १८३ शीट्स आधीच विकली गेली होती, तेव्हा परत आलेल्यांतली दीड लाख शीट्स काढली आणि ती सोडतीने विकली. म्हणजे शर्मनला जी लॉटरी लागू द्यायची नव्हती, ती बत्तीस वर्षांनी खात्याने स्वतःच भरवली. आणि पिकेटच्या घरच्यांना चुकीचा चेहरा पुन्हा दीड लाख वेळा पाहावा लागला.

मग २०१३. हे मला सर्वांत जास्त लागलं. उलट्या जेनीचं दोन डॉलरचं रूप सहा-सहाच्या शीटमध्ये, बारा डॉलरला एक, बंद पाकिटात. आतलं विमान उलटं की सरळ हे फोडल्याशिवाय कळू नये अशी सोय. सुमारे २२ लाख शीट्समध्ये १०० शीट्स अशी मिसळली, ज्यांवर विमान सरळ होतं. जाहीर केलं ते विक्री सुरू झाल्यावर. ज्याला मिळेल त्याला पोस्टमास्टर जनरलच्या सहीचं प्रमाणपत्र. आपल्या खात्याचे नियम असल्या मुद्दाम केलेल्या दुर्मीळतेला परवानगी देत नाहीत, आणि हे नियमात बसणारं नव्हतं हे आपल्याच महानिरीक्षक कार्यालयाने २०१५ साली दाखवून दिलं. बाहेरच्या कुणी केलेला आरोप असता तर मी थोडा थांबलो असतो.

त्याच १९१८ च्या तिकिटाचं नाव यासाठी वापरलं, हे मला सहन होत नाही. ज्या पट्टीवर एका प्रामाणिक कारागिराने 'टॉप' कोरलं, तिच्या नावाने आपण पाकिटं विकलीत.

चौथी तक्रार आपल्या छापखान्यांबद्दल. पूर्वी तिकिटं ब्युरोत छापली जायची. २००५ नंतर ते काम पूर्णपणे खासगी छापखान्यांकडे गेलं. त्याआधीच, नव्वदच्या दशकात, अशाच एका खासगी ठिकाणी छापलेल्या निक्सनच्या ३२ सेंटच्या तिकिटाची उलट्या नावाची शीट बाजारात आली, मोठ्या लिलावात गेली, आणि मग कळलं की तो छापखान्यातून चोरून बाहेर नेलेला रद्दी माल होता. त्यात गुंतलेल्या कर्मचाऱ्याला शिक्षाही झाली. माझ्या वडिलांच्या दीड खोलीच्या छापखान्यात चौसष्टातली एक पत्रिका कमी भरली तर शोध घेतला जायचा. आपल्याकडे कोट्यवधींच्या छपाईत रद्दी किती निघाली, किती नष्ट केली, कुणाच्या देखरेखीखाली केली, याचा हिशेब संग्राहकांसमोर का ठेवला जात नाही? निसटलेली चूक आणि चोरलेली रद्दी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक फक्त आपल्या कागदपत्रांवरून कळू शकतो.

यात मीही पोळलो आहे, पण दोष आपला नाही म्हणून थोडक्यात. एका विक्रेत्याने मला पिवळा रंग 'छापायचा राहिलेलं' तिकीट विकलं. तपासणीला पाठवलं तर उत्तर आलं की रंग छापलेला होता, नंतर उडवलेला आहे. बहुधा उन्हात ठेवून. तीन महिन्यांची बचत गेली. नावं घेणार नाही. त्या तिकिटाच्या छपाईची नोंद उघडपणे मिळाली असती, तर पैसे देण्याआधी निदान चार प्रश्न विचारता आले असते.

उलट बाजूही मांडतो. १९८६ साली सीआयएच्या एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या कामासाठी व्हर्जिनियातल्या मॅक्लिनच्या पोस्टातून मेणबत्तीचं चित्र असलेली एक डॉलरची तिकिटं आणली, त्यांवर चित्राचा काही भाग उलटा निघाला. सहकाऱ्यांनी आपली साधी तिकिटं ठेवून ती उचलली आणि पुढे विकली. प्रकरण उघड झाल्यावर काहींना नोकरी गमवावी लागली. तिथे मी सरकारच्या बाजूने आहे. तिकिटं ऑफिसच्या पैशांनी घेतलेली होती. पण रोबीने स्वतःच्या खिशातले पैसे मोजले होते, आणि तरीही टपाल खात्याचे निरीक्षक त्याच्याकडे शीट परत मागायला गेले होते. खिडकीवर पूर्ण किंमत देऊन घेतलेलं तिकीट घेणाऱ्याचंच, हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवायला हवं.

आता आपल्याकडून हवं आहे ते असं. एक, मुद्दाम चुकीची किंवा मुद्दाम थोडी तिकिटं छापणार नाही, हा नियम पोस्टमास्टर जनरलच्या सहीने जाहीर करा आणि तो मोडणारा निर्णय कुणी घेतला तर त्याचं नाव जाहीर होईल असं त्यात घाला. दोन, निसटलेल्या चुकीची पुन्हा छपाई नाही, सोडत नाही, बंद पाकिटांतला खेळ नाही. तीन, प्रत्येक तिकिटाची छापलेली संख्या, परत आलेली संख्या आणि नष्ट केलेल्या रद्दीची नोंद वर्षाच्या आत सर्वांना पाहता यावी. खासगी छापखान्यांशी होणाऱ्या करारात ही अट असावी. चार, पोस्टातून घेतलेल्या तिकिटात चूक सापडली असं कुणी कळवलं, तर ती विक्रीला गेलेल्या छपाईतली आहे की रद्दीतली, याचं लेखी उत्तर त्याला ठरावीक मुदतीत मिळावं. निरीक्षक घरी पाठवून नव्हे, पत्राने. पाच, २०१३ च्या त्या शंभर शीट्सपैकी प्रत्येकाचं काय झालं, किती विकली गेली, किती आपल्याकडे पडून राहिली, हे एकदा संपूर्णपणे सांगा.

हे सगळं अवघड आहे असं मला वाटत नाही. १८५४ साली कलकत्त्यात छापलेल्या चार आण्याच्या तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचं डोकं उलटं आलं. तेही दोन खेपांचंच काम होतं, लाल आणि निळं. त्यातली जी तिकिटं वाचली, ती जगभरातल्या संग्राहकांनी एकेक करून नोंदवली आहेत. एवढ्या जुन्या, वाफेच्या बोटीच्या काळातल्या चुकीचा माग लागू शकतो, तर तुमच्या संगणकांना आजचा हिशेब ठेवणं जड जाऊ नये.

पुढच्या महिन्यात मला त्या मुलांकडे पुन्हा जायचंय. या वेळी लाल पाच सेंटच्या ठोकळ्यासोबत वडिलांची पत्रिकाही नेणार आहे. आपलं उत्तर त्याआधी आलं तर तेही वाचून दाखवीन. उत्तर लेखी हवं, आणि पाकिटावर यंत्राचा शिक्का नको. खरं तिकीट लावून पाठवा.

आपला,
सांगलीच्या एका छापखानेवाल्याचा मुलगा
न्यू जर्सी